शून्य-दोन-शून्य-एक

आमच्या ऑफिसातल्या मेनफ्रेमवर लिनक्स नावाचं नवं सॉफ्टवेअर बसलं. पहिल्याच प्रयत्नात, एकही चूक न दाखवता, अडतीस मिनिटांत.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलेलं नाही. साहेबांनी नोटीस बोर्डावर लावलेलं अभिनंदनाचं पत्रक मी काढून, घडी घालून, पँटच्या खिशात ठेवलं आणि ती पँट धुवायला टाकली. म्हणजे पुरावाही नाही. आपण मंगळवारी सकाळी सात वाजल्यापासून सुरू करू. तेव्हा मी सुखी माणूस होतो.

मंगळवारी सकाळी आत्या माझा डबा भरत होती. नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडेच राहतो. ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण आणि आमच्या विमा ऑफिसातल्या, माहितीच्या डिस्क सांभाळणाऱ्या स्टोरेज विभागाची प्रमुख. एकतीस वर्षं तीच प्रमुख! घरात ती आत्या आणि मी 'गधड्या'. ऑफिसात ती मॅडम आणि मी 'तुम्ही'. नातं लिफ्टच्या दाराशी बदलतं. एकदा लिफ्ट मधेच बंद पडली होती, तर वीस मिनिटं आम्हाला एकमेकांशी काय म्हणून बोलावं ते कळेना.

"आज कुठली डिस्क घेणार आहेस?" आत्यानं विचारलं.

"आहे माझ्याकडे पत्ता."

"सांग बघू."

"ऑफिसात सांगतो, मॅडम."

"घरात मॅडम म्हणालास तर डबा नुसत्या झाकणाचा मिळेल!"

मी हसलो, डबा उचलला आणि निघालो. चार शब्द होते हो. शून्य, दोन, शून्य, एक. तेवढे तोंडातून काढले असते तर तिनं तिथल्या तिथे चमच्यानं माझ्या डोक्यात एक मारली असती, आणि त्या टेंगळावर मी आयुष्यभर खूश राहिलो असतो.

हे पत्त्याचं प्रकरण आधी समजावून सांगतो. मेनफ्रेम म्हणजे दोन मोठ्या कपाटांएवढं काळं धूड. त्याच्या पोटात अठ्ठावीस लाख लोकांच्या पॉलिसी आहेत आणि त्याला सोळाशे बारा डिस्क जोडलेल्या आहेत. प्रत्येक डिस्कला चार आकडी पत्ता. आकडी हे आपलं म्हणायला. कारण नऊपर्यंत पोचले की आकडे दमतात आणि पुढचं काम ए ते एफ ही अक्षरं करतात. त्यामुळे 'आठ-ए-तीन-एफ' असाही पत्ता असतो, आणि आत्या तो अशा सुरात सांगते की जणू कोपऱ्यावरच्या शिंप्याचं दुकान सांगतेय.

शिवाय प्रत्येक डिस्कवर एक छोटं लेबल असतं, म्हणजे तिचं नाव. आत्याचा नियम असा, की कुठल्याही डिस्कला हात लावण्याआधी तिच्या टेबलासमोर उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. आधी पत्ता. मग लेबल. मग मालक. तिन्ही जुळलं की ती मान हलवते. पन्नाशीची माणसंसुद्धा तिच्यासमोर पाढे म्हणायला उभी केल्यासारखी दिसतात. नव्या लोकांना याचं हसू येतं. मला तर फारच यायचं.

माझी गोष्ट वेगळी होती. मी दोन महिने सराव केला होता! तोही साध्यासुध्या नाही, मेनफ्रेमच्याच पोटातल्या एका खोट्या मशीनवर. मेनफ्रेमला सोंगं आणता येतात. ती एकाच वेळी पन्नास छोटी मशीन असल्याचं नाटक करते, आणि त्या प्रत्येक नाटकात डिस्कना घरगुती नावं देते. माझ्या सरावाच्या मशीनमध्ये माझ्या डिस्कचं घरगुती नाव होतं ०२०१. दप्तरी पत्ता भलताच होता, पण तो मला कधी लागलाच नाही. घरात ज्याला बाळ्या म्हणतात त्याचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव कोण विचारतो?

मंगळवारी मात्र लिनक्स बसवायचं होतं खऱ्या मशीनवर. तिथे सोंग नाही, घर नाही, फक्त दप्तर. आणि मी वहीत '०२०१' लिहून, परक्या गल्लीत एका अनोळखी दारावर टकटक करून विचारलं, "बाळ्या आहे का?"

होता ना! प्रत्येक गल्लीत एक असतोच.

तर, दहा वाजता मी साहेबांच्या केबिनमध्ये उभा. साहेब आमच्या संगणक विभागाचे मुख्य. त्यांना कुठल्याही बातमीतून आधी स्वतःचं अभिनंदन शोधायची सवय आहे.

"जेवणाच्या सुट्टीच्या आत करून दाखवतो," मी म्हणालो.

"आपण सहा महिने धरलेत या कामाला."

"साहेब, सहा महिने कामाला लागत नाहीत. कामाच्या मीटिंगांना लागतात."

"स्टोरेजच्या मॅडमना विचारलं?"

"घरचंच माणूस आहे, साहेब!"

हे उत्तर नव्हतं, पण उत्तरासारखं ऐकू आलं. साहेबांना तेवढं पुरतं.

अकरा वाजता मी पडद्यासमोर बसलो. लिनक्सनं अदबीनं विचारलं, कुठल्या डिस्कवर बसू? मी ०२०१ टाकलं. त्यानं डिस्क दाखवली. लेबल होतं 'टेम्प०७'. खाली एक ओळ आली: या डिस्कवर आधीपासून काहीतरी आहे, पुसायचं का?

मी काही अगदीच बेजबाबदार माणूस नाही. मी थांबलो. मी लेबल वाचलं. टेम्प! म्हणजे तात्पुरती! कुणीतरी कधीतरी कशाला तरी वापरलेली आणि विसरलेली. माझ्या वहीतला पत्ता जुळत होता, लेबल निरुपद्रवी होतं, आणि मालक काय, तात्पुरत्या गोष्टीला मालक असतो का? लिनक्सला नुसतं 'वाय' चालेना. अख्खा 'यस' लिहून मागितला, एखाद्या सावध आजोबांसारखा. मी लिहिला. वर मनातल्या मनात त्याला म्हणालोसुद्धा, "किती रे भित्रा!"

मग डिस्क पुसली जाऊ लागली. पडद्यावर एकेक ठिपका उमटत होता आणि मी प्रत्येक ठिपक्याबरोबर शीळ घालत होतो. बारा मिनिटं. आज आठवलं की ओठ आपोआप मिटतात.

अकरा अडतीसला लिनक्स उभं राहिलं. साहेब धावत आले, पडद्यावरच्या काळ्या चौकोनाकडे कौतुकानं बघत म्हणाले, "हेच का ते?" आणि उत्तराची वाट न बघता वरच्या मजल्यावर कळवायला पळाले. साडेबाराला पत्रक लागलं. त्यात माझा उल्लेख 'तरुण सहकारी' असा एकदा आणि 'माझ्या मार्गदर्शनाखाली' असा तीनदा होता.

एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"मॅडम बोलतेय," आत्या म्हणाली. "मला शून्य-दोन-शून्य-एक दिसत नाहीये. तुमच्याकडे काही हालचाल आहे का?"

माझ्या अंगातलं सगळं रक्त पायांत उतरलं आणि पाय पळायला तयार झाले.

"नाही मॅडम," मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, खोटं का बोललास? मी बोललो नाही. तोंड बोललं. मी तेव्हा अजून 'दिसत नाहीये' या शब्दापाशीच होतो.

जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेलो. आत्या खुर्चीत ताठ बसली होती आणि टेबलावरचा फोन स्पीकरवर ओरडत होता. पलीकडे होते टेपवाले. आमच्या सगळ्या माहितीच्या प्रती टेपवर घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत ठेवतात, आणि तिथल्या कपाटांच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत ते हे गृहस्थ. खरं नाव कुणालाच माहीत नाही.

"बाई, हे बरं नाही केलंत!" फोन म्हणाला.

"मी काय केलं?"

"डाव पुसलात! हरायला लागलात म्हणून!"

"हरायला? मी? अहो, तुमच्या राजाला पळायला दोन घरं उरली होती, टेपवाले!"

"दोन पुरतात! मी स्वतः दोन खोल्यांत राहतो!"

असं मला कळलं की ०२०१ वर काय होतं. बुद्धिबळ! गेली चौदा वर्षं आत्या आणि टेपवाले त्या डिस्कवर बुद्धिबळ खेळत होते. दिवसाला एकेक चाल. सकाळी कामाला लागण्याआधी आत्या आपली चाल लिहून ठेवायची, दुपारी टेपवाले आपली. सुट्टीच्या दिवशी खेळ बंद. आजारपणाच्या रजेत बंद. कुणाच्या घरी लग्न निघालं तर आठ दिवस बंद. अशा चालीनं एक्क्याण्णव डाव झाले होते. चव्वेचाळीस आत्यानं जिंकले, चव्वेचाळीस टेपवाल्यांनी, तीन बरोबरीत सुटले. ब्याण्णवावा चालू होता. महिन्याअखेरीस दोघंही एकाच दिवशी निवृत्त होणार होते, आणि उरलेल्या एकोणीस दिवसांत हा डाव संपून चौदा वर्षांचा निकाल लागणार होता. एकतिसावी चाल त्याच दिवशी सकाळी आत्या खेळली होती. माझा डबा भरून झाल्यावर.

"पण डिस्कचं नाव टेम्प कसं?" मी विचारलं. आवाज मांजराच्या पिल्लासारखा आला.

"अहो, तात्पुरत्या गोष्टीकडे ऑफिसात कोणी ढुंकून बघत नाही," आत्या म्हणाली. "चौदा वर्षं कोणी विचारलं नाही. कायमची म्हणून नोंदवली असती तर दुसऱ्या दिवशी समिती बसली असती."

"मग टेपवर प्रत असेल ना!" मी फोनकडे वाकून ओरडलो. "तुम्ही तर टेपवाले!"

फोन खाकरला.

"टेम्प नावाच्या डिस्कच्या प्रती घ्यायच्या नाहीत, असा नियम आहे."

"कुणी केला असला नियम?"

"मी."

इथे खरं तर मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात साहेब आत आले. भांडण बघितलं, कारण विचारलं नाही, आणि म्हणाले, "याची चौकशी झाली पाहिजे. तटस्थ माणूस हवा. लिनक्सवाला!" आणि माझ्याकडे बोट केलं.

अशा रीतीनं माझ्या गुन्ह्याच्या चौकशीवर माझी नेमणूक झाली.

मी दोन तास चौकशी केली. प्रामाणिकपणे सांगतो, मी स्वतःला पूर्ण सहकार्य केलं. 'सकाळी अकरा ते बारा आपण कुठे होता?' असा प्रश्न लिहिला, 'कामात' असं उत्तर लिहिलं आणि पुढे 'समाधानकारक' असा शेरा मारला. शेऱ्याच्या जागी आधी चुकून 'मीच' असं लिहिलं गेलं म्हणून खाडाखोड झाली. ती अजून कागदावर आहे, आणि अख्ख्या अहवालात तेवढीच एक खरी गोष्ट आहे.

दरम्यान तिकडे आग भडकत होती. टेपवाल्यांनी लेखी कळवलं की यापुढे ते बाईंचा फोन घेणार नाहीत, फक्त आवक-जावक क्रमांक असलेली पत्रं घेतील. आत्यानं जावक क्रमांक टाकून उत्तर दिलं: 'पत्र मिळाले. राग मिळाला. डाव मिळाला नाही.' दोन्ही पत्रांच्या प्रती चौकशी अधिकारी म्हणून मला आल्या. मी त्या फायलीत लावल्या. भोक पाडायच्या यंत्राचा आवाज इतका मोठा असतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी आत्यानं दोघांची ताटं वाढली आणि स्वतःच्या ताटाकडे नुसती बघत बसली.

"जेव ना," मी म्हणालो.

"अरे, चौदा वर्षांत एकदाही मी दिलेली चाल परत मागितली नाही. एकदा चुकून वजीर मारायला ठेवला होता. रात्रभर माहीत होतं मला. तरी नाही बदलली, आणि डिस्कच्या किल्ल्या तर माझ्याकडेच! आणि तो माणूस म्हणतो, मी डाव पुसला." तिनं ताट थोडं बाजूला सारलं. "हरल्याचं काही नाही रे. पण त्याला असं वाटलं कसं?"

आता बघा, मला ओरडा खायची भीती होती, नोकरीची होती, साहेबांची होती. पण समोरच्या ताटातला घास तसाच पडलेला बघणं हे या सगळ्याच्या वरचं होतं.

"आत्या, टेम्प०७ मी पुसली."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"पत्ता?"

"वहीतला होता. सरावाच्या मशीनमधला. घरगुती नाव घेऊन मी दप्तरात गेलो."

"लेबल?"

"वाचलं. तात्पुरती म्हणून बरं वाटलं."

"मालक?"

"नाही विचारला."

मी डोळे मिटून घेतले. आता येणार! एकतीस वर्षांच्या प्रमुखपणाचा गडगडाट आता माझ्यावर कोसळणार! मी खांदेसुद्धा वर उचलून ठेवले.

"बरं," आत्या म्हणाली. उठली, भांड्यांवर झाकणं ठेवली आणि आपल्या खोलीत गेली.

बस, तेवढंच. 'बरं'.

दुसऱ्या दिवशी मी टेपवाल्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते फोन ठेवून निघाले आणि तासाभरात तिसऱ्या मजल्यावर हजर! काखेत घडीचा पट. चौदा वर्षांत ते आणि आत्या फक्त तीनदा समोरासमोर आले होते, आणि तिन्ही वेळा आग लागल्यावर इमारतीतून बाहेर कसं पडायचं त्याच्या सरावाला.

"बाई, चुकलो," ते म्हणाले.

"बसा," आत्या म्हणाली. "घरचाच निघाला चोर."

मला वाटलं, सुटलो! दोघांना डाव पाठ असणार, मांडतील आणि खेळतील पुढे. मांडलाही. सगळी मोहरी जागेवर गेली. एक उंट सोडून.

"तुमचा उंट इथे होता," आत्या म्हणाली.

"नव्हता. मी तो शुक्रवारी मागे घेतला."

"शुक्रवारी तुम्ही घोडा खेळलात."

"घोडा त्याच्या आदल्या शुक्रवारी, बाई."

"उंट इथे असेल तर मी सात चालींत जिंकते."

"म्हणूनच तो तिथे नव्हता!"

अर्धा तास तो उंट दोन बोटांत धरून हवेत होता. कुणीही खोटं बोलत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. दोघांनाही आपापलं अगदी स्वच्छ आठवत होतं. शेवटी आत्यानं सगळी मोहरी गोळा केली. "नवा डाव मांडा," ती म्हणाली, आणि एक प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.

टेपवाले पटाकडे बघू लागले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. चाळीस झाली. मग ते उठले, चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाले, "उद्या दुपारी कळवतो."

"चालेल," आत्या म्हणाली. जणू यात काही विशेष नाही!

मी बोटांवर हिशेब केला. उरलेले दिवस अठरा, म्हणजे चाली अठरा. त्यांचा आजवरचा सगळ्यात छोटा डाव एकोणतीस चालींचा.

"दिवसाला दोन चाली खेळा ना!" मी कळवळून म्हणालो.

दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालेलं दिसलं.

"ही घाई घराण्यातच आहे का?" टेपवाल्यांनी आत्याला विचारलं.

"माझ्या भावाकडून आलीय," आत्या म्हणाली.

चौकशीचा खरा अहवाल मी साहेबांना नेऊन दिला. 'दोषी: मी' असं ठळक अक्षरांत. साहेबांनी वाचला आणि परत केला. "लिनक्स यशस्वी झालंय. वर कळवलंय. यशामागे चूक असूच शकत नाही." मग लिनक्स दुसऱ्या डिस्कवर तरी हलवू द्या, म्हणालो, तर त्याला सहा महिने लागतील म्हणाले. मीटिंगा घ्याव्या लागतात. त्यामुळे लिनक्स अजून ०२०१ वरच आहे. करत काही नाही. दर मिनिटाला किती वाजले ते लिहून ठेवतं.

आत्या माझा डबा भरते. जेवलास का विचारते. छत्री घे म्हणते. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मी मुद्दाम दोनदा ओला टॉवेल पलंगावर टाकून बघितला. तिनं उचलून वाळत घातला. गधड्या म्हणणंही बंद झालंय. शेवटी काल मी कार्यालयीन मार्ग पत्करला. अर्जाची प्रत खाली देतोय.

प्रति, प्रशासन विभाग. विषय: निवृत्ती पुढे ढकलणे व आनुषंगिक आदेश.

महोदय, अर्जदाराच्या हातून डिस्क क्र. ०२०१ पुसली गेल्याने दोन ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचे एक्क्याण्णव पूर्ण व एक अपूर्ण असे काम नष्ट झाले आहे. सदर काम पुन्हा पहिल्यापासून करण्यास प्रचलित वेगाने चौदा वर्षे लागतील. तरी दोघांचीही निवृत्ती चौदा वर्षे, अथवा ब्याण्णवाव्या डावाचा निकाल, यांपैकी जे नंतर घडेल तोपर्यंत पुढे ढकलावी. या काळात उभयतांना अन्य कोणतेही काम देऊ नये. तसेच, स्टोरेज विभागाच्या प्रमुख मॅडमनी अर्जदारास किमान एकदा, शक्यतो सर्वांसमोर व मोठ्या आवाजात, सडकून बोलावे, असे लेखी आदेश त्यांना तातडीने देण्यात यावेत. 'बरं' हा शब्द या प्रयोजनार्थ ग्राह्य धरू नये, ही नम्र विनंती.